गोलकीपरसोबत मुलगी बघायला

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पेठेचा संघ हरला की घरात धड स्वयंपाक होत नाही, आणि जिंकला की रस्त्यातून चालता येत नाही. त्यामुळे फुटबॉल कळतो तो आम्हालाच, अशी आमची समजूत. चंद्रपूरला फुटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे असं कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. चंद्रपूर म्हटलं की कोळसा, वाघ आणि पेपरात छापून येणारा उन्हाळा, एवढंच मला ठाऊक. परत येऊन आता महिना होत आला आणि भेटेल त्याला मी चंद्रपूर-गडचिरोलीचंच सांगत सुटते आहे. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

स्पर्धा बहिऱ्या पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची होती. भारत, नेपाळ, श्रीलंका आणि बांगलादेश असे चार संघ, आणि त्यांना सांकेतिक भाषेची दुभाषी हवी होती. ते माझं काम. माझे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. बाबा छापखान्यात होते. यंत्रांचा खडखडाट त्यांना कधी बाधला नाही. मी तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागले.

चंद्रपूर

लॉजवर पोचले त्या सकाळी मॅनेजर हवालदिल होऊन काउंटरवर उभे होते.

"मॅडम, मी कवापासून इंटरकॉम करून राह्यलो. एकबी पोट्टा फोन उचलत नाई."

"भाऊ, ते बहिरे आहेत."

"हाव, ते मले माहीत हाये जी. पन बेल तं वाजते ना."

मी त्यांना वर घेऊन गेले. खोल्यांची दारं नुसती लोटलेली होती, कारण कडी लावून झोपलं तर उठवणार कोण? आत जाऊन दिवा चालू-बंद केला की सगळे उठून बसत. पुढं मॅनेजरांना त्याचा इतका नाद लागला की ते स्वतःच रोज वर जाऊन दिवे लावू लागले आणि मग शेवटच्या खोलीत गप्पा मारत बसू लागले. भाषा कुठली, ते मी विचारलं नाही.

मैदानावर रेफ्रीच्या हातात झेंडा होता. शिट्टी वाजवून उपयोग नाही, झेंडा हलला की खेळ थांबतो. कानाची मशीनं सगळ्यांनी बाहेर काढून ठेवायची, म्हणजे थोडंफार ऐकू येणाऱ्याला जास्तीचा फायदा नको. पहिल्या सामन्याला गावातली माणसं बऱ्यापैकी आली होती आणि ओरडावं की नाही या विचारात अवघडून बसली होती. भारताचा पहिला गोल झाला तेव्हा मात्र सगळे ओरडले. खेळाडूंना ऐकू गेलं नाही, पण तोंडं उघडलेली दिसली. तेवढं पुरलं.

माझी पंचाईत अशी झाली की तिसऱ्या दिवशी मला काम उरेना. चार देशांच्या चार वेगवेगळ्या खुणा, आणि मी त्या जुळवून देणार अशी आयोजकांची कल्पना. प्रत्यक्षात जेवणाच्या टेबलावर नेपाळचा स्ट्रायकर टेकबहादुर आणि भारताचा गोलकीपर सुगत दुसऱ्याच दिवशी एकमेकांच्या टांगा खेचायला लागले होते. ऐकणाऱ्या माणसांना परक्या देशात साधं पाणी मागायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात यांचं घरदार सांगून झालेलं असतं.

सुगत गडचिरोलीचा. उंच, काटकुळा, आणि हसला की त्याचे खांदेसुद्धा हसायचे. भारत आणि नेपाळ दोघंही अंतिम सामन्यात पोचले, आणि मधे एक दिवस विश्रांतीचा मिळाला. त्या सकाळी सुगत माझ्या टेबलाशी आला. खुणांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद नसतो, पण पोरगा अदबीचा आहे, म्हणून मी 'तुम्ही'च लिहिते.

"ताई, आज मुलगी बघायला जायचं आहे. मार्कंड्याजवळ. ती पण बहिरी आहे. आई म्हणते तुम्ही हव्याच."

"उद्या अंतिम सामना आहे आणि तू आज मुलगी बघणार?"

"नंतर धान्याची मळणी, मग लग्नसराई, मग तिच्या वडिलांना वेळ नाही."

त्याच्या मागं उभ्या टेकबहादुरनं विचारलं, मी पण येऊ का? त्याच्या गावात मुलगी बघायला मुलाचा मित्र जातोच, असं त्याचं म्हणणं. प्रशिक्षकांनी परवानगी दिली, दिवस मावळायच्या आत परत यायचं आणि सुगतला तेलकट खाऊ द्यायचं नाही या बोलीवर. मी मान डोलावली. पुढं काय वाढून ठेवलं आहे याची मला कल्पना नव्हती.

मूलचा रस्ता

मूलच्या अलीकडं जंगल दाट झालं. पळस इतका फुललेला होता की झाडांना पान म्हणून नव्हतं, नुसता भगवा रंग. आमच्याकडं सह्याद्रीत जंगल डोंगरावर चढलेलं असतं. इथं ते सपाट जमिनीवर, रस्त्याच्या अगदी कडेला येऊन उभं राहतं आणि आत काय आहे ते दाखवत नाही.

अशा ठिकाणी आमची गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर गजूभाऊ खाली उतरले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "कोनी उतरू नोका. इथी पट्टेवाला फिरते."

मी मागं वळून हे सांगायला गेले तर मागची सीट रिकामी. दोघंही दुसऱ्या बाजूनं उतरून पळसाच्या झाडांखाली पाठमोरे उभे होते, फुलं वेचत.

"ओ भाऊ, वापस या. वाघ हाये," गजूभाऊ ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते माझ्याकडं बघायला लागले. त्यांनी गाडीत शिरून दिवे लावून बघितले, पण पाठमोऱ्या माणसाला दिवे दिसत नाहीत. शेवटी उरले मी. त्या दोघांना वाघाचा पत्ता नव्हता, गजूभाऊ गाडीत बसले होते, आणि वाघ आहे हे नीट ऐकून, समजून, त्या झाडीत चालत जाणारी मी एकटी. पाचोळा वाजला की मी थबकत होते. जाऊन दोघांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाघाची खूण केली.

टेकबहादुरचा चेहरा उजळला. "कुठे?" त्यानं विचारलं. तो तराईतला, त्याच्या गावाबाहेर वाघ तर येतोच, गेंडासुद्धा येतो. माझी अवस्था बघून त्याला हसू आवरेना. वाघ काही आला नाही. चाक त्या दोघांनीच बदललं, आणि गजूभाऊ जॅकचा दांडा हातात धरून जंगलाकडं तोंड करून उभे राहिले.

गडचिरोली

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत शिरलो. सुगतच्या घरी चहा झाला. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली काचेच्या कपाटात सुगतचे सगळे कप रांगेनं. त्याच्या आई शीलाबाई एसटीत कंडक्टर आहेत. आवाज खणखणीत, आणि बोलताना हात सतत चालू. हे हात भाषा येते म्हणून नव्हे, मुलाशी बोलून बोलून झालेले. सुगतच्या बाबांना गाडी लागते, म्हणून त्यांनी घरूनच निरोप दिला.

वाटेत मी शीलाबाईंना विचारलं, तुमची काही अट आहे का?

"एकच," त्या म्हणाल्या. "पोरीले हसता आलं पायजे. माह्या पोराचं हसनं पाह्यलं ना तुमी? एकट्यानं किती हसन तो?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पन पोरीचा बाप मानत नाई म्हनते. दोघंबी बहिरे नको, असं त्याचं हाये. त्याले आयकू येनारा जावई पायजे. म्हनून मी तुमाले घेतलं."

"मी काय करणार?"

"तुमी फक्त बसून राहा जी. तुमाले पाहून तरी समजन त्याले."

मला तेव्हा समजलं, आपण नुसत्या दुभाषी म्हणून चाललेलो नाही.

मार्कंडा

ठरलेल्या वेळेच्या आधीच पोचलो, म्हणून देवळाकडं वळलो. जत्रा नुकती आटोपली होती आणि पाळणेवाले लोखंडी दांडे ट्रकवर चढवत होते. काळसर दगडाच्या भिंती खालपासून वरपर्यंत मूर्तींनी भरलेल्या, आणि मागं वैनगंगेचं रुंद पात्र. टेकबहादुर एका शिल्पापाशी थांबला. हातांच्या मुद्रा एकेक करून बघितल्या, आणि सुगतला म्हणाला, "ही बाई काहीतरी सांगते आहे. पण अर्धंच. पुढचा हात तुटला आहे." मग दोघांनी ती काय सांगत असेल यावर बराच वाद घातला.

शीलाबाई देवळात आल्या नाहीत. "आमी नाई जात, बाई. तुमी पाहून या. मी नदीपाशी बसतो," म्हणाल्या आणि चपला काढून पाण्यात पाय सोडून बसल्या. मला गंमत वाटली. आमच्या कोल्हापुरातही बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. एवढ्या लांब येऊन मला माहेरचं क्रियापद भेटलं.

देवाजीभाऊंच्या घरी

तिथून जवळच नदीकाठी मुलीचं गाव. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, लाखोळीचं कडधान्य उभं होतं. मुलीचे वडील देवाजीभाऊ फाटकाशी आले, "जय भीम" झालं, आणि त्यांनी टेकबहादुरकडं बघून विचारलं, "हे भाऊ कोन?"

"नेपाळहून आलेत," मी म्हटलं. "मुलाचे मित्र."

"येवढ्या दुरून?" देवाजीभाऊ चकित झाले आणि त्यांनी टेकबहादुरसाठी खास खुर्ची आणवली. नवऱ्या मुलाला पलंगावर जागा मिळाली.

मुलगी प्रणाली चामोर्शीच्या एका फोटो स्टुडिओत काम करते, लग्नाचे अल्बम बनवते. ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली. आमच्याकडं मुलगी बघायला गेलं की कांदेपोहे, वर खोबरं-कोथिंबीर. इथं पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली होती आणि तेलाचा तवंग बशीच्या काठापर्यंत आला होता. मला प्रशिक्षक आठवले. सुगतनं दोन बशा खाल्ल्या.

प्रणाली मान खाली घालून बसेल असं मला वाटलं होतं. तिनं ट्रे ठेवला, समोर बसली आणि थेट सुगतला विचारलं, "परवाच्या सामन्यात गोल सोडून एवढा पुढे का धावलास?"

मी मोठ्यानं अर्थ सांगितला.

"तू बघितलास सामना?" सुगतनं विचारलं.

"मोबाईलवर. दुकानात. गिऱ्हाईक थांबवून."

"मला वाटलं चेंडू मला मिळेल."

"नाही मिळाला."

"नाही मिळाला," त्यानं कबूल केलं, आणि दोघंही हसले. शीलाबाईंनी माझ्या मांडीवर हळूच हात दाबला. त्यानंतर दोघांचे हात इतक्या वेगानं चालायला लागले की मी अर्थ सांगायचं सोडून दिलं. टेकबहादुर मधेमधे मान घालत होता, त्याला प्रणालीनं एकदा गप्प केलं.

देवाजीभाऊ हे सगळं बघत होते. मुलीशी ते बोलायचे ते ये, जा, जेवलीस का, झोप, एवढ्या चार-दोन खुणांनी. तिचे हात एवढं बोलतात हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. शेवटी ते माझ्याकडं वळले.

"बाई, पोट्टा चांगला हाये. मी नाई म्हनत नाई. पन दोघातल्या एकाले तं आयकू याले पायजे का नाई? लेकरू झालं, ते रडलं, तं कोन आयकन? त्याले बोलनं कोन शिकवन? माह्यी पोरगी एकटी पडली तं मी काय करू?"

प्रश्न खरा होता. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, "देवाजीभाऊ, मी तेच लेकरू आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले.

"माझे आईबाबा दोघं बहिरे. आई झोपताना माझ्या मनगटाला तिच्या पदराचं टोक बांधायची. मी हलले की पदर ओढला जायचा आणि ती उठायची. ऐकू येणाऱ्या आयांच्या आधी उठायची, असं आमच्या शेजारणी सांगतात. बोलायला मी शेजारी, शाळेत, रेडिओवर शिकले. तुम्ही बघताय, बोलते ना?"

"बोलता," ते म्हणाले. "भल्लं बोलता."

भल्लं म्हणजे भरपूर. शीलाबाई हसल्या. पण प्रणाली माझे ओठ आणि हात दोन्ही बघत होती. तिनं मला विचारलं, "खरं सांगा. कधी राग आला का, आईबाबा बहिरे आहेत म्हणून?"

गोड उत्तर द्यायचा मोह झाला. पण तिला खरं हवं होतं.

"राग नाही. दमले होते मात्र," मी हातांनी आणि तोंडानं दोन्ही बोलले, देवाजीभाऊंनाही कळावं म्हणून. "डॉक्टर, वीज कचेरी, बँक, सगळीकडे लहानपणापासून मीच बोलायचे. खेळायचं सोडून जावं लागायचं. माया कमी पडली असं कधीच झालं नाही. पण मोठी लवकर झाले."

प्रणालीनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "माझं मूल माझ्यासाठी बोलणार नाही. मी गिऱ्हाइकाशी मोबाईलवर लिहून बोलते, डॉक्टरशी पण बोलेन. ते खेळायला जाईल." आणि सुगतकडं वळून विचारलं, "तुला चालेल?"

सुगत म्हणाला, "ते खेळायलाच जाईल. गोलात मी उभा राहीन."

मी हे देवाजीभाऊंना सांगितलं. ते उठले, बाहेर अंगणात गेले, थोडा वेळ लाखोळीकडं बघत उभे राहिले. परत येऊन एवढंच म्हणाले, "जेवाले चाला. इचार करून सांगतो."

जेवायला भात आणि वैनगंगेतल्या झिंग्यांचा रस्सा होता. तिखटाच्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकर कुणाला ऐकत नाही, पण त्या रश्शानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. टेकबहादुरनं तीनदा भात घेतला. परतीच्या वाटेवर सुगत खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं, काय वाटतं? तो म्हणाला, "तिला मी पसंत आहे. तिच्या वडिलांचं ठाऊक नाही." आणि पहिल्यांदाच तो हसला नाही.

पुन्हा चंद्रपूर

अंतिम सामन्याला मैदान भरलं होतं. लॉजचे मॅनेजर सगळ्या नोकरांना घेऊन आले होते. गजूभाऊ पहिल्या रांगेत. शीलाबाई ड्यूटी बदलून आल्या होत्या. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि फाटकातून एक काळीपिवळी जीप आत आली. तिच्यातून माणसं उतरतच राहिली, आणि सगळ्यात शेवटी देवाजीभाऊ आणि प्रणाली. देवाजीभाऊ माझ्याशेजारी येऊन बसले.

"गाव म्हने आमाले बी सामना पाह्याचा हाये. मंग काय करता?" ते म्हणाले. "मी पोरीले सांगून देल्लं. अशी खून केली," आणि त्यांनी आधी तिच्याकडं, मग स्वतःच्या छातीकडं बोट दाखवलं आणि हात मोकळा सोडला. "तू ठरव म्हनलं. तिले समजलं का नाई, कोनाले माहीत."

भारतानं आधी गोल केला. मध्यंतरानंतर नेपाळनं फेडला. आणि सामना संपत आला असताना चेंडू टेकबहादुरच्या पायात आला. सुगत गोल सोडून पुढं धावला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चेंडू जाळीत होता आणि सुगत मैदानावर पालथा पडला होता.

झेंडा हलला, सामना संपला. नेपाळ जिंकलं. टेकबहादुर आपल्या माणसांकडं न जाता आधी सुगतकडं गेला, त्याला उठवलं, आणि त्याच्या जर्सीवरची माती झाडायला लागला. सुगत रडत होता. शीलाबाई माझ्यामागं उभ्या होत्या.

तेव्हा प्रणाली उठली. खाली उतरून कठड्याशी गेली, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन हलवले. सुगतनं तिच्याकडं बघितलं. मधे अर्धं मैदान होतं, पण हातांच्या भाषेला तेवढं अंतर काहीच नाही. ती सावकाश, मोठ्या खुणांनी म्हणाली, "पुन्हा पुढे धावलास. तरी मला तू पसंत आहेस. लग्न करू."

आता या भाषेत एक अडचण आहे. कानात सांगता येत नाही. मैदानावर त्या वेळी चार देशांचे खेळाडू होते आणि त्या सगळ्यांनी ते वाचलं. मग श्रीलंकेच्या बाकावरून एक जण उठला आणि त्यानं हात वर करून पंजे हलवले. बहिऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात. पाठोपाठ बांगलादेश, नेपाळ, भारत. सगळं मैदान हलत्या हातांनी भरून गेलं, आणि हरलेल्या संघानं आपल्या गोलकीपरला खांद्यावर घेतलं. गॅलरीतल्या लोकांना काही कळेना. मॅनेजर मला विचारायला लागले, "मॅडम, जिंकलं कोन?"

मला उत्तर द्यायला सवड मिळाली नाही, कारण देवाजीभाऊंनी माझा दंड धरला होता.

"काय म्हनली ती?"

मी सांगितलं. शीलाबाई रडत होत्या आणि हसत होत्या.

"साऱ्याइले समजलं," देवाजीभाऊ म्हणाले. "नेपाळवाल्याले समजलं. मलेच नाई समजलं." खाली खेळाडू प्रणालीभोवती जमले होते. एक जण दुसऱ्याला काहीतरी सांगत होता आणि सगळे तिच्याकडं बघत तीच एक खूण करत होते. देवाजीभाऊंनी विचारलं, "ते काय करून राह्यले?"

"तिचं नाव घेताहेत."

"कोनतं नाव?"

मी त्यांना सांगितलं की बहिऱ्या माणसांना एकमेकांत हाक मारायला खुणेचं नाव असतं. शाळेतल्या मैत्रिणी किंवा सोबती ते ठेवतात. प्रणालीचं नाव म्हणजे हनुवटीवरच्या तिळाला बोट लावायचं आणि मग कॅमेऱ्याचं बटण दाबावं तशी बोटाची हालचाल. तिनंच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"म्हंजे माह्या पोरीले अजून एक नाव हाये," ते म्हणाले. "मले दाखवा बरं."

मी दाखवलं. त्यांची बोटं जाडजूड, नांगरानं घट्टे पडलेली. पहिल्यांदा बोट गालावर गेलं. मी ते धरून हनुवटीवर ठेवलं. दुसऱ्यांदा जमलं. मग ते उठले, गॅलरीच्या पायऱ्या उतरून कठड्याशी गेले आणि हात हलवून तिचं लक्ष वेधलं. ती वळल्यावर त्यांनी ती खूण केली.

प्रणालीनं आधी माझ्याकडं बघितलं. मग आपल्या मागं कुणी उभं आहे का ते वळून बघितलं. देवाजीभाऊंनी तिला पुन्हा एकदा हाक मारली.